राजांगणाच्या घराचं छप्पर उतरवलं आणि परत चढवलं

जुन्या चिऱ्याच्या घराचं छप्पर गळायला लागलं की गोव्यात सध्या सगळीकडून एकच सल्ला मिळतो, कौलं काढून टाका, लोखंडी पाइप मारा, वर रंगीत पत्रा घाला, वीस वर्षं बघायला नको. आम्हालाही तोच मिळाला, शेजाऱ्यांकडून, नातेवाइकांकडून, दोन कंत्राटदारांकडून. आम्ही तसं केलं नाही. जुनंच छप्पर खाली उतरवलं, लाकूड दुरुस्त केलं आणि बरीचशी जुनीच कौलं परत चढवली. हे काम कसं झालं ते सविस्तर लिहितेय कारण आम्हाला माहिती गोळा करताना खूप फिरावं लागलं, एकाला विचारा तो दुसऱ्याकडे पाठवतो, आणि मराठीत लिहिलेलं काही हाताला लागलं नाही.

घर फोंडा तालुक्यात, म्हार्दोळच्या बाजूला. मधे राजांगण, म्हणजे मोकळा चौक, चारी बाजूंना वसरी म्हणजे पडवी, मग देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून गोठा. भिंती चिऱ्याच्या पण चिरे मातीत बांधलेले, वरून चुन्याचा गिलावा. घर नक्की कधीचं ते कागदावर कुठे नाही, पणजोबांच्या आधीचं एवढं सगळे सांगतात. वर्षभर काका-काकू दोघंच राहतात आणि चवथीला आम्ही सगळे, मुंबईचे, वास्कोचे, पुण्याचे, तिथे जमतो. माझं ते माहेर, पण आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, त्यामुळे भावाने मला सरळ सांगितलं की तायडे तू फोंड्यात आहेस, तू लक्ष घाल, पैशांचं आम्ही बघतो.

गळती होती राजांगणाच्या कोपऱ्यांत. दर वर्षी पावसाच्या आधी माणूस वर चढून कौलं चाळायचा, फुटकी बदलायचा, शेवाळ काढायचा, आणि जुलैत परत त्याच कोपऱ्यात बादली. काका म्हणायचे कौलं जुनी झाली, बदलायला पाहिजेत. मग गावातले एक वयस्कर मेस्त, म्हणजे सुतार, आले, आता स्वतः फारसं काम घेत नाहीत, काकांच्या शब्दाखातर आले. ते कौलांकडे बघायला गेलेच नाहीत. माळ्यावर चढले आणि पटाशीच्या मुठीने एकेक वासा खालून वरपर्यंत वाजवत गेले. वर आवाज टणक, आणि जिथे वासा भिंतीवर टेकतो तिथे एकदम भद्द. एका ठिकाणी त्यांनी पटाशीचं टोक नुसतं टेकवून दाबलं तर ती दोन बोटं आत गेली आणि भुसा माझ्या पायावर पडला. बाहेरून त्या वाशावर एक ओरखडा नव्हता. "बाय, नळ्यांक कांयच जावंक ना," ते म्हणाले, "वासे बसल्यात." म्हणजे कौलांना काहीच झालेलं नाही, वासे खाली बसलेत.

हे एकदा कळलं की बाकी सगळं कळतं, म्हणून जरा थांबून सांगते. मंगळुरी कौलाच्या एका कडेला खाच असते आणि दुसऱ्या कडेला उंचवटा, शेजारच्या दोन कौलांचे हे एकमेकांत बसतात, आणि मागच्या बाजूला जे नाक असतं ते रिपेवर, म्हणजे वाशांवर आडव्या मारलेल्या लाकडी पट्टीवर, अडकतं. रिपा सरळ रेषेत असतील तरच कौलं एकमेकांत घट्ट बसतात. वाशाचा पाय कुजला की वासा अर्धा-पाऊण इंच खाली बसतो, त्याच्याबरोबर रिपा वाकतात, कौलांमधल्या खाचा उघडतात आणि वाऱ्याबरोबर आलेलं पाणी सरळ आत. कौल बिचारं शाबूत असतं. अशा छपरावर तुम्ही कोरी करकरीत कौलं घातली तरी ती गळणारच, आणि मग लोक म्हणतात कौलारू छप्पर टिकत नाही.

आणि वाशाचा पाय का कुजतो, तर राजांगणाच्या घरात छपराची चारी पाखं, म्हणजे उतरत्या बाजू, आतल्या बाजूलाही उतरतात. जिथे दोन पाखं मिळतात त्या कोपऱ्यातल्या पन्हळीत दोन्हीकडचं पाणी येतं. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, म्हणजे त्या एका चिंचोळ्या पन्हळीवर किती पाणी येत असेल बघा. आमच्या पन्हळीतला जस्ताचा पत्रा कधीतरी गंजून चाळणी झालेला होता, वरून दिसत नव्हता कारण पानं आणि माती बसलेली. पाणी तिथून कोनवाशावर, म्हणजे कोपऱ्यातल्या तिरक्या वाशावर, कोनवाशावरून भिंतीच्या माथ्यावर. मातीत बांधलेली भिंत वरून भिजली की आत माती मऊ होत जाते, आणि ओल्या लाकडाकडे वाळवी जमिनीतून भिंतीच्या आतून वाट काढत येतेच.

आता पत्र्याचं आणि स्लॅबचं. एका कंत्राटदाराने सगळं पाडून वर स्लॅब टाकायचा आराखडाच आणून दाखवला. मी माझ्या इंजिनीअर मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली हिशेब सोपा आहे, काँक्रीट घनमीटरला 2500 किलो धरतात, पाच इंचांचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला 300 किलोच्या वर. मंगळुरी कौल साधारण अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधरा-एक कौलं बसतात, म्हणजे 40 किलोच्या आतच, त्यात लाकूड धरलं तरी स्लॅबच्या जवळपासही जात नाही. मातीत बांधलेल्या चिऱ्यांवर तो भार द्यायचा का हे तुम्हीच ठरवा असं तिने सांगितलं. पत्रा हलका, ते खरं, पण एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली बसून बघा. कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते आणि घर गार राहतं, पावसात ओल धरली तरी वाऱ्याने सुकते. शिवाय पत्र्यावर पाऊस पडायला लागला की माजघरात बोललेलं ऐकू येत नाही. काकूंनी एका नातेवाइकाकडे तो अनुभव घेतला होता, त्यांनी पत्र्याला पहिल्यांदाच नाही म्हणून सांगितलं आणि त्यांचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, वर्षभर तिथे राहायचं त्यांनाच आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंचायतीकडे दुरुस्तीचा अर्ज, सोबत एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा म्हणा), घरपट्टीची पावती, घराचे फोटो, कुठलं काम करणार त्याचा साधा नकाशा. अर्जात आम्ही स्पष्ट लिहिलं की घराची उंची, आकार, भिंती काही बदलत नाही, फक्त छप्पर. वेळ गेला तो घरच्यांच्या ना-हरकत पत्रांत. एक-चौदावर अजून आजोबा आणि त्यांच्या भावांची नावं, त्यांच्या पुढच्या पिढ्या चार गावांत, प्रत्येकाची सही आणि नवरा-बायको दोघांची. ज्यांना हे काम काढायचंय त्यांनी सह्यांची सुरुवात आदल्या चवथीलाच करावी, सगळे एका घरात असतात तेव्हा.

अजून एक गोष्ट, लाकडाची. आमच्या भाटात, म्हणजे बागायतीत, एक मोठा फणस आहे, काकांचा विचार होता तोच पाडून वासे करायचे. पण गोव्यात 1984 च्या झाडांच्या कायद्याखाली स्वतःच्या जमिनीतलं झाड पाडायलाही वनखात्याची परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी ओलं लाकूड लगेच छपराला घालता येत नाही, सुकताना पिळवटतं आणि रिपा परत वाकड्या. मेस्तांनी सांगितलं जुनं लाकूड बघा. पाडलेल्या घरांचं सागवान, किंदळ, फणस विकणारे लोक आहेत, तिथे जाऊन एकेक वासा निवडला. जुनं लाकूड सुकून सुकून जेवढं हलायचं तेवढं हललेलं असतं. फक्त त्यात खिळे मोडून राहिलेले असतात आणि करवत मोडते, म्हणून सुतार आधी लोहचुंबक फिरवून बघत होते. फणस उभाच आहे, आणि मला त्याचा आनंद आहे.

काम काढलं शिगमो, म्हणजे होळीचा सण, झाल्यावर. छप्पर सगळं मिळून 3000 चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे चार हजारांवर कौलं, म्हणजे दहा टन वजन माणसांनी हाताने उतरवायचं. एका पाखावरची सगळी कौलं काढून मग दुसरं पाखं असं मेस्तांनी करू दिलं नाही. आढ्यापासून सुरू करून दोन्ही बाजूंनी सारख्या ओळी उतरवायच्या, कारण एका बाजूचा भार गेला की दुसऱ्या बाजूचे वासे आढ्याला ढकलतात आणि जुना सांगाडा तिरका होतो. खाली आधीच टेकू दिलेले, राजांगणात परांची, माणसं एका ओळीत उभी राहून कौलं हातोहात खाली देत होती. वेळ लागला पण फुटली फारच थोडी.

उतरवलेली कौलं राजांगणात लावायची जबाबदारी मी आणि माझ्या भाचीने घेतली. कौल उलटं केलं की कारखान्याचा छाप दिसतो. काही कौलांवर बासेल मिशन टाइल वर्क्स आणि 1865. भाचीला वाटलं ती कौलं 1865 ची, पण ते कारखाना सुरू झाल्याचं वर्ष. प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने मंगळूरला हा कारखाना काढला, नेत्रावती-गुरुपुराच्या काठची चिकणमाती वापरून, आणि तिथून हे कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. पहिल्या महायुद्धात जर्मनांचा म्हणून ब्रिटिशांनी तो ताब्यात घेतला आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. म्हणजे मिशनचा छाप असलेलं कौल शंभर वर्षांच्या वरचं धरायला हरकत नाही. तसली कौलं बोटाच्या पेराने वाजवली की अजून खणखणीत वाजतात. चीर गेलेलं कौल बसकं वाजतं, दिसायला धडधाकट असलं तरी. आम्ही प्रत्येक कौल वाजवून बघितलं, संध्याकाळपर्यंत बोटं दुखायची, पण ऐकून लगेच कळायला लागलं.

छापाप्रमाणे ढीग का लावायचे तर प्रत्येक कारखान्याची खाच थोडी वेगळी, लांबीत पण थोडा फरक. दोन कारखान्यांची कौलं एका ओळीत घातली की ती एकमेकांत नीट बसत नाहीत. आमच्या छपरावर नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये मिळतील ती कौलं घातलेली, तीसुद्धा गळतीची एक जागा. मग ठरवलं की एका पाखावर एकाच छापाची कौलं. जुनी चांगली कौलं राजांगणाच्या आतल्या पाखांवर आणि दर्शनी बाजूला, कमी पडली तिथे मागच्या पाखावर सगळी नवी. नवी कौलं आणताना ढिगातलं एकेक वाजवून आणि दोन पाण्यात बुडवून ठेवून बघितली, कच्ची भाजलेली पाणी पीत राहतात आणि जड होतात.

रिपा निघाल्यावर एक गोष्ट दिसली जी घरात कोणालाच माहीत नव्हती. वाशांच्या पाठीवर आताच्या रिपांच्या खुणा साडेबारा इंचांवर, मंगळुरी कौलाला लागतं त्या अंतरावर. पण त्यांच्या मधे मधे अजून खुणा, खूप जवळजवळ, खिळ्यांच्या नाही तर दोरीने आवळून बांधल्याच्या, लाकडावर काळपट घळ पडलेली. मेस्तांनी बोटाने चाचपून सांगितलं की हे घर आधी नळ्यांचं होतं, कुंभाराने चाकावर काढलेले अर्धगोल नळे, त्यांना खाली जवळजवळ बांबू किंवा पोफळीच्या चिपा लागतात. म्हणजे मंगळुरी कौल या घरावर नंतर चढलं आणि वासे त्याच्याही आधीचे. काही वासे आढ्याला खिळ्याऐवजी लाकडी खुंटीने धरलेले होते आणि त्या खुंट्या इतक्या वर्षांनी ठोकून बाहेर काढाव्या लागल्या. हे लाकूड आम्ही पत्र्यासाठी भंगारात देणार होतो का, असा विचार तेव्हा मनात आला आणि खरंच पोटात कालवलं.

वाशांचं काम असं केलं की अख्खा वासा बदलायचाच नाही जोपर्यंत गरज नाही. बहुतेक वाशांचे फक्त खालचे दोन-तीन फूट कुजलेले. तो भाग कापून तिथे तसंच जुनं लाकूड लांब तिरप्या सांध्याने जोडलं, बोल्ट मारले. सांधा भिंतीच्या आत न येता बाहेर दिसेल असा ठेवला, पुढे काही झालं तर कळावं म्हणून. भिंतीवरचा पाट, ज्यावर सगळ्या वाशांचे पाय टेकतात, तो दोन कोपऱ्यांत पूर्ण गेलेला, तेवढा नवीन. भिंतीचे वरचे सैल चिरे काढून परत बसवले, चुन्यात. लाकडाच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं, आपल्याकडे होड्यांना आणि वाशांना जुने लोक हेच लावायचे, वाळवी जवळ येत नाही. पण ते तेल हाताला लागलं तर कातडी भाजून निघते, हातमोजे आणि लांब बाह्या पाहिजेतच, आणि घरातल्या पोरांना त्या दिवसांत लांब ठेवा. ज्या वाटेने वाळवी आली होती तिथे जमिनीत औषध वेगळं घालून घेतलं.

सगळ्यात जीव अडकला होता वसरीवरच्या मोठ्या तुळईत. चवथीला गणपतीवर माटोळी बांधतो ती त्या तुळईला, तिथे कड्या आहेत, आणि माटोळी म्हणजे नारळ, सुपारीचे घड, चिबूड, तोरिंगं, केळीचे घड, सगळं मिळून केवढं वजन. तुळईच्या एका टोकाला वाळवीची माती दिसत होती. मेस्तांनी तिला बारीक गिरमिटाने दोन-तीन ठिकाणी भोक पाडून भुसा बघितला, टोक सोडून आत लाकूड तांबूस आणि कोरडं निघालं. भिंतीत जाणारं टोक कापून खाली नवा सागवानी खांब दिला, भिंतीला लागूनच, तुळई तीच राहिली, कड्या पण त्याच. काका दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसले होते, तुळई राहतेय म्हटल्यावर जेवायला उठले.

पन्हळीला यावेळी स्टेनलेस स्टीलचा पत्रा घातला, रुंद, दोन्ही कडा वर मुडपलेल्या, म्हणजे एका पाखावरून जोरात आलेलं पाणी दुसऱ्या कौलांखाली घुसत नाही. ॲल्युमिनियम स्वस्त पडलं असतं पण ओल्या चुन्या-सिमेंटला लागून ते खराब होतं. पन्हळीच्या कडेची कौलं तिरपी कापावी लागतात, तिथे कंटाळा करून चालत नाही, एक मुलगा आठवडाभर तेवढंच करत होता आणि फार सुंदर केलं त्याने. वळचणीच्या खालच्या ओळी तांब्याच्या तारेने रिपांना बांधल्या, कौलाच्या नाकाला त्यासाठी भोक असतं, आमच्याकडे माकडं उड्या मारतात आणि पहिली त्याच ओळीची कौलं सरकतात. आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं, चुन्याच्या मसाल्यात बसवले, नुसतं सिमेंट कडक होऊन कोन्याला सोडतं आणि त्या चिरेतून पाणी जातं.

मेच्या मधे एका रात्री जोराचा पाऊस आला, अर्धं पाखं उघडं होतं. ताडपत्री बांधलेली होती पण वाऱ्याने एक कोपरा उचलला आणि देवघराच्या बाजूला पाणी आलं. शेजारची मुलं न बोलवता धावत आली आणि दोरखंड धरून उभी राहिली म्हणून भिंत वाचली. तेव्हा ताडपत्रीला पैसे वाचवू नका, जाड घ्या आणि भिंतीच्या बाहेर चार फूट लोंबेल एवढी घ्या.

पैशांचं बोलायचं तर कौलांवर सगळ्यात कमी खर्च झाला. लाकूड आणि मजुरी यांतच बहुतेक रक्कम गेली, मजुरीत पण चांगल्या सुताराची. कंत्राटदाराने सांगितलेल्या पत्र्याच्या कामापेक्षा जास्तच लागले, ते लपवत नाही. पण त्या कामात सगळं लाकूड आणि कौलं जाणार होती, आमची राहिली, आणि पुढे काही खराब झालं तर तेवढाच तुकडा बदलता येईल. आता दर मेमध्ये पन्हळ साफ करायची आणि पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन माळ्यावर जाऊन सांधे बघायचे एवढं ठरवून घेतलंय. यंदा जुलैत भाऊ मुंबईहून आला आणि आम्ही दोघं वर जाऊन एकेक सांधा हाताने चाचपून आलो, कोरडे. एका कोन्याखाली थोडी ओल दिसली, गवंड्याने दुसऱ्या दिवशी येऊन चुना भरला. भिंतीतली ओल मात्र सुकायला वेळ लागणार, तोवर तिथे रंग लावायचा नाही, चुन्याचा पातळ हात तेवढा चालेल.

गोठ्याचं छप्पर अजून राहिलंय. त्यावर मागच्या कोपऱ्यात थोडे जुने नळे शिल्लक आहेत, काकांना तिथे परत नळेच घालायचेत. डिचोलीला कुंभारांकडे चौकशी करणार आहोत, चाकावर कोणी काढून दिले तर उत्तम, नाहीतर पाडलेल्या घरांचे गोळा करायला लागतील, म्हणून त्या जुन्या लाकूडवाल्यांना आतापासूनच सांगून ठेवलंय.